झिरो बिअरचे नऊ महिने: बडोद्यातला आमच्या घरचा हिशेब

गेल्या मे महिन्यात नवऱ्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं आणि डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद करायला सांगितली. पुण्याहून बडोद्याला, दांडिया बाजारातल्या सासरच्या घरी, राहायला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. त्यामुळे बाटली समोर येण्याची भीती नव्हती. पण शनिवारी रात्री मॅच लावून दोन बिअर घेऊन बसायची पंधरा वर्षांची सवय अशी एका रिपोर्टने जात नाही. शनिवार आला की तो घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. म्हणून जूनपासून मी बिनदारूची बिअर आणायला लागले आणि पहिल्या दिवसापासून वहीत खर्च लिहून ठेवला.

दर शनिवारी दोन कॅन, ३३० मिलीचे. दिवाळीपर्यंत कॅन ९० रुपयांना पडत होता, दिवाळीनंतर १०५ ला. फेब्रुवारीअखेर ७८ कॅन झाले आणि साडेसात हजारांच्या वर रुपये गेले. महिन्याला साधारण साडेआठशे.

रावपुऱ्यातल्या दुकानदाराने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘बेन, एमां दारू तो छे नहीं, तो आटला पैसा शेना?’ म्हणजे यात दारू तर नाही, मग एवढे पैसे कशाचे? प्रश्न रास्त होता, मलाही पडला होता. वाचत गेले तसं कळलं की ही बिअर म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या जवाचं) सरबत नव्हे. बऱ्याच ब्रँडमध्ये आधी नेहमीसारखी बिअर तयार करतात आणि मग तिच्यातली दारू काढतात. अल्कोहोल एरवी ७८ अंशांना उकळतं, पण तेवढी आच दिली तर चव शिजून जाते. म्हणून निर्वात टाकीत, बऱ्याच कमी तापमानाला ते उडवतात, नाहीतर बारीक पडद्यातून गाळून वेगळं करतात. अल्कोहोलबरोबर वासही उडतो, तो परत आणावा लागतो. शिवाय टिकवून धरणारं अल्कोहोलच गेल्यामुळे पाश्चरायझेशन नीट करावं लागतं. म्हणजे साध्या बिअरचा सगळा खर्च आहेच, त्यावर हे वेगळं काम आणि त्याची यंत्रं.

आणि कर. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्यं आपापला कर लावतात. बिनदारूची बिअर मात्र जीएसटीत येते. तिच्यावर १८ टक्के होते ते २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाले. तारीख लक्षात आहे कारण त्याच दिवशी नवरात्र बसलं. १०० रुपयांच्या कॅनमध्ये आधी साधारण १५ रुपये कर होता. मूळ किंमत तीच धरली तर आता ३४ रुपये कर बसतो आणि कॅन ११९ च्या आसपास जातो. आमच्या कॅनची वाढ त्याहून कमी झाली, तरी झाली. दारू सोडणाऱ्या माणसाच्या हातातल्या कॅनवर साखरेच्या कोल्ड्रिंकएवढा कर, हे मला अजिबात पटलेलं नाही.

चवीबद्दल नवऱ्याचं मत: बडवायझर ०.० आणि हायनेकेन ०.० या दोन्ही थंडगार असतील तर पहिल्या काही घोटांत फरक जाणवत नाही. कोमट झाल्या की गोडसर माल्ट वर येतो. हायनेकेनच्या कॅनमध्ये सत्तरेक कॅलरी, साध्या बिअरच्या जवळपास निम्म्या. फळांच्या स्वादाच्या बाटल्या आम्ही बंद केल्या, कारण त्यांच्यात साखर भरपूर आणि लिव्हरला तीच नको होती. लेबलची मागची बाजू वाचाच. आपल्याकडे ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं पेय नियमाने मद्यात धरत नाहीत, त्यामुळे ‘नॉन-अल्कोहोलिक’ आणि ‘०.०’ यांत फरक असू शकतो. सासूबाईंनी चष्मा लावून ०.० वाचलं तेव्हाच कॅनला घरच्या फ्रिजमध्ये जागा मिळाली.

एकदा २४ कॅनचं खोकं घेतलं, कॅनमागे आठ रुपये वाचले. पण माल जुना होता आणि दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला असावा. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. तेव्हापासून तारीख बघून सहा-सहाच आणते.

बिनदारूची वाइन मी स्वतःसाठी मागवली, लाल, अकराशे रुपये. निराशा झाली. साध्या वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. ते काढलं की तेवढा मालही घटतो आणि तोंडात जो भरीवपणा असतो तोही जातो. उरला आंबट द्राक्षरस. चौथ्या दिवशी तोही उतरला.

बिनदारूची जिनसारखी बाटली दीड हजाराची. जिनला तिचा वास देणाऱ्या जुनिपरच्या फळाची तेलं अल्कोहोलमध्ये जशी उतरतात तशी पाण्यात उतरत नाहीत, म्हणून स्वाद फिका. तो झाकायला टॉनिक ओतायचं, म्हणजे वर आणखी खर्च. त्यापेक्षा मी घरी लिंबू, आलं, भाजलेलं जिरं आणि सोडा घालून वीस रुपयांत जे देते ते पाहुण्यांना खरंच आवडतं.

एक कळकळीचं सांगणं. ज्यांचं व्यसनमुक्तीचं औषध चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये. वास, फेस, कॅन उघडल्याचा आवाज, सगळं तेच असतं आणि तल्लफ जागी होऊ शकते. माझ्या नवऱ्याची सवय होती, व्यसन नव्हतं, म्हणून आम्हाला हे चाललं.

त्याची येरझारा बंद झाली. आता शनिवारी मित्र येतात, सेव-उसळ आणतात, तो त्यांच्यात कॅन घेऊन बसतो आणि रविवारी सकाळी सातला कमाटीबागेत फिरायला जातो. महिन्याचे साडेआठशे मला एवढ्यासाठी जास्त वाटत नाहीत. मार्चमध्ये पुन्हा सोनोग्राफी आहे. तोवर शनिवारचे दोन कॅन चालू, वाइन आणि जिन बंद.