केगमधली बिअर बाटलीत भरताना: काउंटर-प्रेशर फिलरचे परीक्षण

केगमध्ये (गॅसच्या दाबाखाली बिअर साठवण्याच्या स्टीलच्या पिंपात) थंड आणि फेसाळ होऊन तयार असलेली बिअर, तिच्यातला गॅस न गमावता आणि तिला हवा न लागू देता बाटलीत उतरवायची असेल, तर घरगुती ब्रूअरसाठी, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यासाठी, मिळणाऱ्या साधनांपैकी तीन व्हॉल्व्हचा काउंटर-प्रेशर फिलर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि आमच्याकडच्या ब्रूअर मंडळींच्या बैठकीला प्रत्येक जण आपली बिअर घेऊन येतो, तेव्हा हे साधन मी नियमितपणे वापरत आलो आहे. म्हणून त्याचे गुणदोष थोडे सविस्तर लिहितो.

बाटलीच का, हा प्रश्न आधी निकालात काढू. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978 साली सही केलेल्या कायद्यामुळे एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. ती विकता येत नाही, मात्र चवपरीक्षणाला किंवा स्पर्धेला घराबाहेर नेण्याची मुभा केंद्रीय नियमांत आहे. टपालाने मद्य पाठवण्यास बंदी असल्यामुळे बिअर मित्रापर्यंत पोचवायची तर ती स्वतः हातात घेऊन जावी लागते, आणि भरलेला 19 लिटरचा केग, गॅसचा सिलिंडर व रेग्युलेटर असा सगळा संसार दर वेळी हलवणे शक्य नसते. (महाराष्ट्रात विनापरवाना बिअर बनवणे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे तिथल्या वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.)

केगमधली बिअर नळाखाली धरून सरळ बाटलीत ओतली, तर ती पडताना हवा सोबत घेऊन जाते. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) सढळ वापर केलेल्या हेझी आयपीए या गढूळ दिसणाऱ्या बिअरमध्ये याचे परिणाम डोळ्यांना दिसतात: संत्र्याच्या रसासारखा पिवळा रंग आधी मळकट होतो, मग करडा-तपकिरी, आंबा-पेरूची आठवण करून देणारा सुगंध विरतो आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची नाहीतर शिळ्या मधाची चव उरते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. बिअर उद्योगात ‘3-30-300’ असा एक ढोबळ ठोकताळा आहे: 32 अंश सेल्सियसला 3 दिवसांत बिअरचे जे नुकसान होते, तेवढे 22 अंशांना 30 दिवसांत आणि 3 अंशांना 300 दिवसांत होते. स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी (बिअर परीक्षकांना प्रमाणित करणारी संस्था) गुणपत्रिकेत 50 पैकी 12 गुण गंधाला आणि 20 गुण चवीला असतात. ऑक्सिजन नेमका या 32 गुणांवरच घाला घालतो. मित्राने मनापासून दिलेला अभिप्रायसुद्धा मग आपल्या कृतीविषयी नसतो, तो बाटली भरण्याच्या पद्धतीविषयी असतो, आणि त्यावरून पुढच्या खेपेला हॉप्स बदलणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध घेणे होय.

आता प्रत्यक्ष साधन. बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारे रबरी बूच, त्यातून थेट तळापर्यंत जाणारी स्टीलची नळी आणि वर तीन व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा पसारा आहे. एका व्हॉल्व्हमधून कार्बन डायऑक्साइड येतो, दुसऱ्यातून बिअर, आणि तिसऱ्यातून बाटलीतला दाब हळूहळू बाहेर सोडता येतो. बूच दाबून धरायचे, तिसरा व्हॉल्व्ह उघडा ठेवून काही सेकंद गॅस सोडायचा, म्हणजे आतली हवा बव्हंशी निघून जाते. मग तिसरा व्हॉल्व्ह बंद केला की बाटलीतला दाब केगच्या दाबाइतका होतो. गॅस बंद करून बिअरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर काहीच घडत नाही, कारण दोन्हीकडे दाब सारखा आहे. नवख्या माणसाला इथे साधन बिघडल्यासारखे वाटते. तिसरा व्हॉल्व्ह केसभर उघडताच मात्र बिअर तळापासून शांतपणे चढू लागते, आणि या टप्प्यावर घाई केली नाही तर बाटलीच्या मानेपर्यंत फारसा फेस दिसत नाही. बूच काढल्यावर दाब उतरतो, बारीक फेस तोंडापर्यंत येतो आणि त्या फेसावरच क्राउन कॅप (बाटलीचे पत्र्याचे झाकण) ठोकायची. फेस मानेत उरलेल्या हवेला बाहेर ढकलत असल्यामुळे ही शेवटची पायरी मी कधीही टाळत नाही.

3 अंश सेल्सियसला सुमारे 12 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबावर मुरलेली बिअर या पद्धतीने भरली, तर बैठकीत बाटली उघडताना तोच ‘फस्’ आवाज येतो आणि पेल्यात तोच फेस उभा राहतो. साधनाचे खरे काम हेच आहे आणि ते चोख होते.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. एक हात बूच दाबण्यात गुंतल्यामुळे तिन्ही व्हॉल्व्ह दुसऱ्या हाताने सांभाळावे लागतात; मदतीला कोणी असेल तर कॅप लावण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. बाटली कोमट असेल तर फेस आवरत नाही, म्हणून बाटल्या निर्जंतुक करून आधी फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये बिअरचे थेंब साचतात आणि तो प्रत्येक वेळी सुटा करून धुतला नाही तर तिथे जंतूंचे घर होते. वेगही बेताचाच आहे: पूर्ण केग, म्हणजे 355 मिलिलिटरच्या साधारण 53 बाटल्या, भरायला हे साधन मी कोणाला सुचवणार नाही. ग्राउलरसारख्या मोठ्या, पातळ काचेच्या बाटल्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, तेव्हा त्यांना हे साधन लावू नये, आणि साध्या बाटल्या भरतानाही डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

एक मर्यादा मात्र साधनाची नव्हे. केगमध्येच हवा शिरली असेल तर फिलर ती काढू शकत नाही. केगचे झाकण लावून 30 पीएसआयपर्यंत गॅस भरला आणि सोडला, तर आतल्या ऑक्सिजनचे प्रमाण एका फेरीत सुमारे तृतीयांशावर येते. म्हणजे 21 टक्क्यांवरून 7, मग जेमतेम सव्वादोन, आणि तिसऱ्या फेरीनंतरही पाऊण टक्का शिल्लक राहतो. हॉप्सने भरलेल्या बिअरसाठी हे पुरेसे नाही. त्यापेक्षा केग सॅनिटायझरने काठोकाठ भरून ते सगळे द्रव गॅसच्या दाबाने बाहेर ढकलावे आणि बिअर बंद नळीतून, झाकण न उघडता, आत घ्यावी. नळी सिलिकॉनची नसावी, कारण तिच्यातून ऑक्सिजन सहज झिरपतो. झाकणाची आणि पोस्टची (गॅस व बिअरच्या नळ्या जोडण्याच्या तोंडांची) ओ-रिंग, म्हणजे हवाबंद करणारी रबरी कडी, चिरलेली नाही ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

सर्वांनाच या साधनाची गरज आहे असे नाही. त्याच संध्याकाळी पिऊन संपणारी बिअर नळाला लांब नळी जोडून थंड ग्राउलरमध्ये तळापासून भरली तरी चालते. बेल्जियन पद्धतीची बिअर किंवा स्टाउट असेल तर बाटलीत थोडी साखर घालून पुन्हा आंबवणे मला अधिक योग्य वाटते, कारण जिवंत यीस्ट बाटलीतला बराच ऑक्सिजन स्वतःच शोषून घेते. तळाशी गाळ बसतो, पण या प्रकारांत तो कोणाला खटकत नाही. आयपीए, पेल एल आणि नाजूक पिल्सनर मात्र फिलरनेच भराव्यात. बाटली तपकिरी असावी, कारण हिरव्या आणि पारदर्शक काचेतून येणाऱ्या उजेडाने हॉप्सच्या कडू घटकांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. कॅपवर बाटली भरल्याची तारीख पक्क्या शाईने लिहावी आणि बाटली देताना ‘फ्रीजमध्येच ठेव’ असे आवर्जून सांगावे; घेणारा स्वतः ब्रूअर असला तरी सांगावे.

विकत घेताना पितळी व्हॉल्व्हपेक्षा स्टीलचे व्हॉल्व्ह असलेला, पूर्ण सुटा होणारा आणि जादा बूच वेगळे मिळू शकेल असा फिलर निवडावा. दाब सोडणारा व्हॉल्व्ह दुकानातच हाताने फिरवून पाहावा: तो बारीक-बारीक उघडत गेला पाहिजे. झटक्यात पूर्ण उघडणारा व्हॉल्व्ह असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो फिलर मी घेणार नाही.