घरी बनवलेला व्हॉल्व्ह अँप: सात महिन्यांनंतर

व्हॉल्व्ह अँप म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा गाण्याचा अँप्लिफायर. पाडव्याला पहिल्यांदा चालू केला, आता दिवाळी तोंडावर आलीय. म्हणजे मेचा उकाडा आणि अख्खा पावसाळा काढून झाला. सर्किट साधंच: सिग्नल वाढवायला एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह, स्पीकर चालवायला दोन ईएल८४, सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह. एका बाजूच्या स्पीकरला जेमतेम ५ वॅट. बोरिवलीच्या वन बीएचकेत तेवढे पुष्कळ. शेजारच्या काकू तेवढ्यावरही एकदा बेल वाजवून गेल्या.

सगळे विचारतात, व्हॉल्व्ह कुठून आणलेस? अहो, व्हॉल्व्ह मिळतात. ईएल८४ च्या जागी रशियन ६पी१४पी चालतो. घोडं अडतं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. लॅमिंग्टन रोडजवळ एकाकडून आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधले) वाइंड करून घेतले. लावले तर तबल्याची चाट खणखणीत, डग्गा गायब! दोन आठवडे कपॅसिटर बदलत बसलो. मग नीट पाहिलं, तर कोरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, इंग्रजी ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पत्र्या आलटूनपालटून भरलेल्या, एक ‘ई’ इकडून, एक तिकडून. मेन्सच्या (घरच्या विजेच्या) ट्रान्सफॉर्मरला ते बरोबर आहे. इथे मात्र प्रायमरीतून (व्हॉल्व्हच्या बाजूच्या वाइंडिंगमधून) सतत डीसी वाहतो, माझ्याकडे ४८ मिलिअँपिअर. कोरमध्ये फट नसेल तर कोर त्या डीसीनेच सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकत्व घेण्याची क्षमता संपते, आणि आधी खर्ज जातो. वाइंडिंगवाला म्हणाला, “साहेब, आम्ही असंच भरतो.” शेवटी घरीच उघडले. वार्निश सुकून दगड झालेलं, पहिली पत्री कटरने सोडवताना वाकली ती वाकलीच. सगळ्या ‘ई’ एकीकडे, सगळ्या ‘आय’ दुसरीकडे, मध्ये जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पट्टी. डग्गा आला.

स्पीकरमधून सतत येणाऱ्या घरघरीचं, म्हणजे हमचं, कारण त्यामानाने किरकोळ निघालं. व्हॉल्व्हच्या आतल्या हीटरना वीज देणारं ६.३ व्होल्टचं वाइंडिंग ग्राउंडला न जोडता अधांतरी सोडलं होतं. दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला दिले, वायरी पीळ घालून चेसिसच्या (धातूच्या सांगाड्याच्या) कडेने नेल्या, घरघर गेली.

एक मात्र पहिल्याच दिवशी करा: पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर ब्लीडर, म्हणजे बंद केल्यावर त्यात साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर. मी ‘नंतर लावू’ म्हटलं होतं. प्लग काढून चहा घेऊन आलो, हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. आता २२० किलो-ओहमचा रेझिस्टर आहे, तरी आधी मीटर लावतो, मगच हात, तोही एकच. दुसरा खिशात, म्हणजे शॉक एका हातातून दुसऱ्यात छातीतून जायला नको.

जुलैत एका बाजूने कुरकुर सुरू झाली. सॉकेटच्या पिना दमटपणाने काळवंडल्या होत्या, साफ करून जरा आवळल्या. मेमध्ये मात्र काही इलाज नाही. एकेका ईएल८४ च्या आतल्या प्लेटवरच १२ वॅट उष्णता होऊन जळतात, हीटर वेगळे. पंखा दोनवरून पाचवर न्यावा लागतो, आणि मग पंख्याचाच आवाज.