‘घरी माणूस ठेवला तरी कंपनी पैसे देते’ असं सांगून विकलेली पॉलिसी

म्हाताऱ्या आईवडिलांसाठी आरोग्य विमा घेताना एजंटने ‘होम केअर’चं नाव काढलं, तर तिथेच त्याला थांबवा आणि खालचं सगळं वाचून मगच सही करा.

आमचे आई-बाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे. हॉस्पिटलच्या बिलापेक्षा आम्हाला धास्ती होती ती नंतरची. कुणी अंथरुणाला खिळलं तर सांभाळणाऱ्या माणसाचा पगार महिन्यामागून महिने कुठून काढायचा? ओळखीतून आलेल्या एजंटला मी हेच विचारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेजने दिलेलं त्याचं उत्तर अजून फोनमध्ये आहे: ‘ताई, घरी माणूस ठेवला तरी कंपनी पैसे देते. होम केअर आहे ना यात!’ वर्षाचा प्रीमियम ६८,००० रुपये. त्याच्याच सारखी पण हे ‘होम केअर’ नसलेली पॉलिसी बरीच स्वस्त होती. म्हणजे जास्तीचे पैसे आम्ही मोजले ते या एका वाक्यासाठी.

पुढे बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. हॉस्पिटलचं बिल कॅशलेस झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. घरी आणल्यावर रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दिवसपाळीला एक आणि रात्रपाळीला एक असे दोघं ठेवले. अंघोळ घालायची, कूस बदलायची, डायपर, नळीने भरवणं. ब्यूरोच्या पावत्या, डायपरची बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी असं सगळं लावून क्लेम टाकला. डिस्चार्जनंतरची औषधं आणि फिजिओथेरपी ठरावीक मुदतीपुरती मिळाली. ब्यूरोच्या बिलावर एक रुपयाही नाही.

नकाराच्या पत्रात कारण होतं, एक्सक्लूजन कोड ०५. विमा नियामक इर्डाने जी वगळणुकीची कलमं सगळ्या कंपन्यांसाठी एकाच भाषेत ठरवून दिली आहेत, त्यांतलं हे एक. अंघोळ, कपडे घालणं, हिंडणंफिरणं यांसाठी लागणारी मदत, मग ती प्रशिक्षित नर्सने केलेली असो की साध्या मदतनिसाने, घरी असो की नर्सिंग सेंटरमध्ये, या कलमाखाली खर्चातून वगळता येते. म्हणजे ज्यासाठी आम्ही पॉलिसी घेतली, नेमकं तेच तिच्यात नव्हतं.

मग ‘होम केअर’ म्हणजे काय? एरवी ज्या उपचारासाठी दाखल व्हावं लागलं असतं, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी घेणं. डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन जवळपास तसंच: रुग्णाला हलवता येत नाही किंवा हॉस्पिटलात खाट मिळत नाही, म्हणून घरी उपचार. दोन्हींत पैसे उपचाराचे. सांभाळण्याचे कशातच नाहीत. काही पॉलिसींत डिस्चार्जनंतर मोजके दिवस नर्सचा खर्च मिळतो, पण अंथरुणावरचं आजारपण मोजक्या दिवसांत आटोपत नाही. सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डाबद्दलही लोकांचा हाच गैरसमज दिसतो. ७० वर्षांवरच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे, पण ते हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी.

एजंटची दुसरी चलाखी उशिरा कळली. कंपनीकडून पडताळणीचा फोन येणार होता. ‘काही विचारलं तरी हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकते,’ असं तो आईला सांगून गेला होता. ‘सर्व अटी समजल्या का?’ या प्रश्नाला आईचं ‘हो’ रेकॉर्ड झालेलं आहे, आणि कंपनी आता तेच पुढे करते. एजंट नोकरी सोडून गेला म्हणे. जातातच!

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांचा फ्री लूक असतो (२०२४ च्या आधी तो १५ दिवसांचा होता). त्या मुदतीत कारण न देता पॉलिसी परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवून पॉलिसीच्या कागदांतलं ‘वगळणूक’ हे प्रकरण त्याच दिवसांत वाचायचं. आणि सहीच्या आधी एजंटला ईमेलवर एकच प्रश्न टाकायचा: अटेंडंटचा पगार कोणत्या कलमाखाली, किती दिवस, कमाल किती? तोंडी उत्तर घ्यायचंच नाही.

मुदत उलटून गेली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील लागत नाही. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. अटी चुकीच्या सांगून पॉलिसी विकली, ही तक्रार तिथे चालते. आम्ही तो व्हॉइस मेसेज, त्याची तारीख आणि लिहून काढलेला मजकूर जोडून अर्ज दिला आहे. सुनावणी व्हायची आहे. तोवर ब्यूरोचं बिल बाबांच्या पेन्शनमधून आणि आम्हा भावंडांच्या वर्गणीतून जातं. पुढच्या नूतनीकरणाला साधी, स्वस्त पॉलिसी घेऊन वाचलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे, असं ठरलंय.