पाळणाघरात जाणारं बाळ आणि पहाटे पाचची जाग: पडदे, आवाजाचं मशीन आणि एक वही

पहाटे पाचला टक्क डोळे उघडणारं बाळ घरात असेल आणि साडेआठला त्याला पाळणाघरात सोडून हिंजवडीची वाट धरायची असेल, तर हा अनुभव तुमच्या कामाचा आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आणि साठवलेल्या सुट्ट्या डिसेंबरात संपल्या, तेव्हा लेक सात महिन्यांची होती. आता सव्वा वर्षाची झाली. या काळात उजेड पूर्ण अडवणारे ब्लॅकआउट पडदे, एकसारखा सूं आवाज करत राहणारं व्हाइट नॉइज मशीन आणि पाळणाघरात रोज ये-जा करणारी एक दोनशेपानी वही, असं तिन्ही वापरलं. पहाटेची जाग आदल्या दिवशी दुपारी ठरते, आणि आमच्या मुलांची दुपार पाळणाघरात जाते. म्हणून माझ्या लेखी वही पहिली, पडदे नंतर, मशीन शेवटी.

पडद्यांचं कापड रविवार पेठेतून आणून शिवून घेतलं. जानेवारीत लावले तेव्हा काडीचाही फरक पडला नाही. तेव्हा पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, पाचला बाहेर मिट्ट काळोख असतो. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली, की तिला उजेड उठवत नाहीये. एप्रिल-मेमध्ये मात्र पडद्यांनी पैसे वसूल केले, कारण मेअखेरीस साडेपाचलाच फटफटायला लागतं. कापडापेक्षा फटींकडे लक्ष द्या. रॉडच्या वरून छताखाली उजेडाची पट्टी पडते, ती पाठीवर झोपलेल्या बाळाच्या बरोबर डोळ्यांसमोर येते. पडदा चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घ्या, कडा वेल्क्रोने भिंतीला लावा. लोंबती दोरी असलेले पडदे पाळण्याजवळ अजिबात नकोत.

मशीन ठीक आहे. सोसायटीचा पंप, दूधवाल्याची बेल आणि उन्हाळ्यात पाचच्या आधीपासून सुरू होणारी कोकीळ, हे सगळं त्यात विरून जातं. मात्र आवाज जपून ठेवा. कॅनडातल्या संशोधकांनी केलेली अशा मशीनची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली, त्यात काही मशीन पूर्ण आवाजावर जवळून ८५ डेसिबलच्याही पुढे गेली होती. आमचं पाळण्यापासून दोन मीटरपेक्षा लांब, कपाटावर आहे आणि आवाज अगदी बारीक असतो.

आता वही. आधी मी एक अ‍ॅप घेतलं होतं, पण पाळणाघराच्या काकूंच्या हातात सतत कुणीतरी मूल असतं, त्या फोन कधी उघडणार? वही पेन बांधून दिवसभरासाठी पाळणाघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकवली आणि त्यात फक्त दोन वेळा लिहायला सांगितल्या: कधी झोपली, कधी उठली. आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. पाचची उठलेली लेक नऊच्या आत तिथे गाढ झोपायची. ती खरं तर रात्रीचीच उरलेली झोप होती, आणि ती रोज हमखास मिळतेय म्हटल्यावर शरीराला पाचला उठायची सवयच लागली. दुपारी एकला शाळेतून मोठी मुलं आली की गलक्याने अर्ध्या तासात जाग. मग संध्याकाळी घरी येताना रिक्षात डुलकी, आणि त्यामुळे रात्री साडेनऊपर्यंत टकटकीत. सगळं मिळून जेमतेम अकरा तास भरत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनात ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप सांगितली आहे.

घरात सगळ्यांचं म्हणणं, "उशिरा झोपव, उशिरा उठेल." आमच्याकडे नेमकं उलट झालं. पहाटेपर्यंत झोपेची गरज बरीचशी भागलेली असते, झोप सावध असते, अशा वेळी थकून किरकिरत झोपलेलं बाळ जरा चाळवलं की पुरतं उठतं. आमच्या बालरोगतज्ज्ञांनीही रात्रीची झोप अलीकडे घ्यायलाच सांगितलं.

पाळणाघराला दहा सूचना देऊ नका, एकच मागणी करा. मी म्हटलं, "काकू, तिला साडेनऊच्या आत झोपू देऊ नका, एवढंच बघाल का?" त्या म्हणाल्या, "अगं, दारातच डोळे चोळत येते ती. जागं ठेवायचं तर कुणीतरी तिच्यापाशी बसायला हवं." रास्तच होतं ते. पण तोडगा त्यांनीच काढला. आल्याबरोबर तिला गॅलरीत कुंड्यांपाशी बसवायचं आणि हातात छोटा तांब्या द्यायचा. सकाळचा उजेड मिळतो, फ्रॉक ओला होतो, अर्धा तास सहज निघतो. मी रोज एक जादा फ्रॉक देऊ लागले. झोप एकदम न लांबवता दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे नेली. ती जमल्यावर दुपारची झोप आतल्या खोलीत हलवली. आम्ही रिक्षात तिला गाणी म्हणून जागं ठेवलं आणि साडेसातला अंथरुणावर. पाचला उठली तरी सहापर्यंत दिवा नाही, खेळ नाही, दूधही हळूहळू सहाकडे सरकवलं. तीन-चार आठवड्यांनी जाग सहा-सव्वासहावर स्थिरावली. बाबांना आठवड्यात चार दिवस ती फक्त झोपलेली दिसते, ही किंमत मोठी आहे आणि आम्हाला ती टोचते. म्हणून सकाळची आंघोळ आणि नाचणीचं सत्त्व त्यांच्याकडे दिलं.

सर्दी-तापात सगळं विस्कटतं, पाळणाघरात ते चालूच असतं. आजारपणात वेळा सोडून द्या आणि बरं वाटल्यावर पहिल्या झोपेपासून परत घडी बसवा.

सध्या दोन झोपांवरून एकीवर येणं चालू आहे. साधारण १३ ते १८ महिन्यांत मुलं यातून जातात, पण काकूंकडे वर्षावरची सगळी मुलं जेवून साडेबाराला एकदमच झोपतात, त्यामुळे आमचं जरा लवकर सुरू झालं. ती साडेअकरालाच पेंगते, म्हणून तिचा वरणभात सव्वाअकराला वाढायचं ठरलंय. दुपारची झोप तासाभराच्या आत मोडली, असं वहीत दिसलं की त्या रात्री तिला सातलाच झोपवते.