संशय आला तो स्वच्छ डिंकामुळे

टपाल तिकीट संग्राहकांच्या एका अखिल भारतीय संस्थेचा मानद सचिव म्हणून मी नऊ वर्षे काम पाहिले. त्यातील शेवटच्या तीन वर्षांत आमच्याच एका सभासदाने संस्थेची आणि आमच्या अनेक सभासदांची जी फसवणूक केली, तिची हकीकत येथे लिहीत आहे. अशी संस्था चालवणाऱ्यांना आणि तिच्या फिरत्या पाकिटात आपली तिकिटे विश्वासाने ठेवणाऱ्यांना ती ठाऊक असावी, एवढाच हेतू आहे. संस्थेचे आणि त्या गृहस्थांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण प्रकरण अद्याप पोलिसांकडे आहे.

प्रथम फिरते पाकीट म्हणजे काय, ते सांगतो. ज्या सभासदांना आपली जादा तिकिटे विकायची असतात ते ती छोट्या पुस्तिकांत चिकटवून किंवा पारदर्शक खिशांत घालून, प्रत्येकाखाली किंमत लिहून सचिवाकडे पाठवतात. अशा आठ-दहा पुस्तिकांचे एक पाकीट करून ते ठरलेल्या यादीप्रमाणे एका सभासदाकडून दुसऱ्याकडे टपालाने जाते. ज्याला जे तिकीट हवे असेल त्याने ते काढून घ्यावे, रिकाम्या जागी आपला सभासद क्रमांक लिहून सही करावी, रक्कम संस्थेकडे भरावी आणि पाकीट पुढे पाठवावे, असा रिवाज आहे. लहान गावात जिथे तिकिटांचा व्यापारी नाही आणि प्रदर्शन भरत नाही, तिथल्या संग्राहकाला या पाकिटाचे मोल किती असते, ते त्यालाच ठाऊक. ही व्यवस्था सर्वस्वी विश्वासावर चालते आणि त्या विश्वासाचा आधार म्हणून आमच्यापाशी फक्त सभासद क्रमांक होता.

त्या क्रमांकाची किंमत किती होती, हे आता लिहिताना संकोच वाटतो. आमच्या घटनेप्रमाणे नव्या अर्जावर दोन जुन्या सभासदांची शिफारस लागत असे. या गृहस्थांच्या अर्जावर दोन्ही सह्या होत्या, सोबत वर्गणीचा धनादेश होता आणि अक्षर सुवाच्य होते, म्हणून कार्यकारिणीच्या बैठकीत आणखी चौदा अर्जांबरोबर तो एका मिनिटात मंजूर झाला. शिफारस करणाऱ्यांपैकी एकांनी त्यांच्याकडून दोनदा टपालातून गेलेले जुने लिफाफे विकत घेतले होते, एवढीच त्यांची ओळख. दुसरे आमचे वयोवृद्ध आजीव सभासद होते. त्यांना मी फोन केला तो सगळे उघडकीस आल्यावर, आणि तेव्हा कळले की अशी सही केल्याचे त्यांना आठवतही नव्हते. तिकिटाच्या कडेची छिद्रे मोजणारे आणि जलचिन्ह पाहण्यासाठी बेन्झिनची बाटली बाळगणारे आम्ही लोक, पण माणसाच्या अर्जावरची सही पडताळून पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

पहिली दोन वर्षे त्यांचा व्यवहार आदर्श होता. प्रत्येक पाकिटातून ते तीनशे-चारशे रुपयांची किरकोळ तिकिटे घेत, पैसे आठवड्याच्या आत भरत आणि पाकीट मुदतीपूर्वी पुढे पाठवत. एकदा त्यांनी अत्यंत नम्र पत्र लिहून विनंती केली की कामानिमित्त प्रवास असल्यामुळे आपले नाव यादीत पहिले किंवा शेवटचे न ठेवता मध्ये कुठेतरी ठेवावे. मी आनंदाने ठेवले. शेवटच्या माणसाकडून पाकीट सचिवाकडे परत येते आणि पहिल्याच्या हाती ते तपासणीनंतर लगेच पडते, म्हणून संशय आलाच तर आधी या दोघांवर येतो. मधल्या दहाजणांत कोण, हे सांगता येत नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते.

प्रकार उघडकीस आला तो कोकणातल्या एका सभासदांमुळे. त्यांनी पाकिटात 1948 च्या गांधी मालिकेतील दहा रुपयांचे कोरे तिकीट ठेवले होते. ही चार तिकिटांची मालिका 15 ऑगस्ट 1948 रोजी निघाली आणि ती नाशिकच्या छापखान्यात न छापता स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हाझिए यांच्याकडे छापून घेतली गेली. त्यातील दहा रुपयांचे तिकीट न वापरलेले, मूळ डिंकासह आणि हिंजचा, म्हणजे तिकीट वहीत लावायच्या कागदी पट्टीचा, डाग नसलेले असेल, तर त्याला चांगली किंमत येते. तेच तिकीट मागून पुन्हा डिंक लावलेले असेल, तर किंमत फार उतरते. पाकीट फिरून आले, तिकीट विकले गेले नव्हते, म्हणून ते मालकांकडे परत गेले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांचा प्रश्न साधा होता: समुद्राकाठच्या घरात चाळीस पावसाळे काढलेल्या माझ्या तिकिटाच्या मागे तांबूस ठिपके होते, मग हे परत आलेले तिकीट इतके पांढरेशुभ्र कसे?

मी त्यांना ते तिकीट पाठवायला सांगितले आणि भिंगाखाली पाहिले. कडेच्या दातांची टोके कडक झाली होती आणि त्यांच्या तंतूंत डिंक उतरला होता. मूळ डिंकाच्या तिकिटाला असे सहसा होत नाही, कारण त्याला आधी डिंक लागतो आणि मग छिद्रे पडतात. सुदैवाने त्यांच्या पुतणीने पाकिटात घालण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले होते. कागद फाटताना प्रत्येक तिकिटाच्या कडेला पडणारे दात वेगवेगळे असतात. फोटोतील उजव्या कडेचा एक दात आखूड होता, परत आलेल्या तिकिटाचा नव्हता. चोरी म्हणजे रिकामी जागा, अशी आमची समजूत होती. येथे जागा भरलेली होती, फक्त तिकीट दुसरे होते.

त्यानंतर मी मागच्या तीन वर्षांच्या याद्या काढून बसलो. पूर्वी चार सभासदांनी अशाच बारीक तक्रारी केल्या होत्या. कोणाच्या, ‘ग्वाल्हेर’ असा संस्थानाचा छाप मारलेल्या तिकिटाचा रंग फिका वाटत होता, कोणाच्या 1854 च्या अर्ध्या आण्याच्या तिकिटाची एक कड आता छापाला लागून कापलेली दिसत होती. त्या प्रत्येकाला मी, वयाप्रमाणे नजर कमी होते, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. याचे मला आजही वाईट वाटते. या चारही पाकिटांच्या याद्यांत समान नाव एकच होते.

हे पुढे आणखी वाढले. आखातात राहणाऱ्या एका मराठी संग्राहकांनी आम्हाला कळवले की त्यांनी त्याच गृहस्थांकडून ‘सर्व्हिस’ असा छाप असलेले दहा रुपयांचे गांधी तिकीट मोठ्या रकमेला घेतले असून सोबत आमच्या संस्थेचे खरेपणाचे प्रमाणपत्र आहे. हा छाप गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केवळ शंभर तिकिटांवर मारला गेला होता. त्यातील चार तिकिटांची एक पट्टी 2017 मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. अशी वस्तू कोणी टपालाने, हप्त्यावर विकत नाही. आणि आमची संस्था प्रमाणपत्र देतच नाही, तशी समितीच आमच्याकडे नाही. लेटरहेड खरे होते. स्वागताच्या पत्राबरोबर मीच ते त्यांना पाठवले होते आणि त्यावरील मजकूर पुसून नवा छापणे अवघड नव्हते.

आता खरी अडचण सुरू झाली. आमच्या घटनेप्रमाणे सभासदत्व रद्द करण्याचा अधिकार फक्त सर्वसाधारण सभेला होता आणि ती पाच महिन्यांवर होती. कार्यकारिणीने त्यांना पाकिटाच्या यादीतून वगळले आणि कारणे दाखवा नोटीस पाठवली. ती ‘पत्त्यावर राहत नाहीत’ अशा शेऱ्यासह परत आली. तरीही ते पाच महिने कागदोपत्री सभासदच होते, आणि याच काळात कार्यकारिणीच्या निवडणुकीची टपाली मतपत्रिकाही, कोणत्या पत्त्यावरून कोण जाणे, त्यांच्याकडून वेळेवर आली. मतदान गुप्त असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही, पण मला कधी कधी वाटते की त्यांनी मत मलाच दिले असावे.

पोलिसांकडे तक्रार देताना अधिकाऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता की तिकीट बदलले, याचा पुरावा काय. पाचपैकी एकाच प्रकरणात आमच्याकडे फोटो होता, म्हणून तक्रार त्या एकाच तिकिटाची नोंदली गेली. उरलेल्या चौघांना संस्थेने राखीव निधीतून निम्मी भरपाई दिली. त्यावर सभेत बराच वाद झाला आणि तो रास्त होता. आता प्रत्येक पुस्तिकेच्या दोन्ही बाजू स्कॅन केल्याशिवाय पाकीट निघत नाही, शिफारस करणाऱ्या दोघांनाही सचिव स्वतः फोन करतो आणि नव्या सभासदाला पहिल्या वर्षी पाकीट मिळत नाही. निलंबनाचा अधिकारही कार्यकारिणीला देण्यात आला आहे. या बदलांमुळे काही नवे सभासद नाराज झाले आणि दोघांनी वर्गणी परत मागितली. ती आम्ही परत केली.

कोकणातल्या त्या सभासदांनी भरपाई घेतली नाही, तिकीटच हवे, असे त्यांचे म्हणणे आहे. गांधी मालिका, दहा रुपये, कोरे. उजव्या कडेचा वरून सहावा दात आखूड आहे आणि मागे खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ तीन तांबूस ठिपके आहेत. डिंक धुऊन ठिपके घालवता येतील, दात मात्र वाढवता येणार नाही.