डी अँड डी २०२४ चं क्राफ्टिंग: हिशेब सुटसुटीत, पण भट्टीचा पत्ता नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकातही क्राफ्टिंग, म्हणजे पात्राने वस्तू घडवणं होतं, पण ते नावापुरतं. दिवसाला ५ गोल्ड (खेळातली सोन्याची नाणी) किमतीइतकंच काम पुढे सरकायचं. प्लेट आर्मर (पत्र्यांचं पूर्ण चिलखत) १,५०० गोल्डचं, म्हणजे एकट्या लोहाराला ३०० दिवस. तोवर ड्रॅगनने गाव जाळलेलं असतं. २०१७ मध्ये झॅनाथर्स गाइड या पूरक पुस्तकाने हा वेग दुप्पट केला: ५० गोल्डच्या कामाला पाच दिवसांचा एक आठवडा. २०२४ च्या हँडबुकने तोच वेग मूळ नियमात घेतला आणि आठवड्यांऐवजी सरळ दिवस मोजायला सुरुवात केली. नव्या आवृत्तीतल्या चांगल्या बदलांमध्ये मी हा बराच वर धरेन.

नियम तोंडपाठ होण्याइतका छोटा आहे. वस्तूच्या किमतीला १० ने भागायचं, अपूर्णांक आला तर पूर्ण दिवस धरायचा. रोज आठ तास काम. कच्चा माल निम्म्या किमतीचा, अपूर्णांक सोडून. त्या वस्तूला लागणारी हत्यारं (कारागिराची अवजारं) जवळ हवीत आणि ती चालवण्याची प्रोफिशियन्सी, म्हणजे पात्राचं नोंदलेलं प्रावीण्यही हवं. लाँगस्वोर्ड १५ गोल्डची: दोन दिवस, सात गोल्डचा माल. चेन मेल (कड्यांचं चिलखत) ७५ गोल्डचं: आठ दिवस, सदतीस गोल्ड. प्लेट आर्मर: १५० दिवस, ७५० गोल्ड. दिवस सलग असायची सक्ती नाही, त्यामुळे दोन मोहिमांच्या मधल्या फटींत काम पुढे नेता येतं. सोबतीला तेच काम येणारा एक जण घेतला की दिवस निम्मे, म्हणजे प्लेट ७५ दिवसांत. एकाहून जास्त मदतनीस द्यायचे की नाही ते डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) ठरवतो.

पैशांची बाजू विचारपूर्वक बांधली आहे. साधी वस्तू विकली तर निम्मी किंमत मिळते, आणि कच्चा मालही निम्म्या किमतीचाच. म्हणजे तलवारी घडवून विकण्याचा धंदा मांडला तर हातात जवळपास शून्य उरतं. अर्धी पार्टी (खेळाडूंची टोळी) दुकानदार होऊन बसायचा धोका त्यामुळे टळतो. फायदा फक्त स्वतःसाठी बनवण्यात आहे, आणि त्याची खरी किंमत सोन्यात नाही, दिवसांत मोजायची असते.

अडचण इथेच सुरू होते, कारण दिवस किमतीवरून काढलेत, श्रमावरून नाहीत. हजारो कड्या एकेक करून गुंफायचं चेन मेल आठ दिवसांत होतं. स्पायग्लास (दुर्बीण) मात्र १,००० गोल्डची म्हणून १०० दिवस खाते. दुसऱ्या टोकाला मशाल आहे: एका कॉपरची (गोल्डचा शंभरावा भाग) वस्तू, पण अपूर्णांक वर नेल्यामुळे तिलाही अख्खा दिवस! यावर उपाय सोपा आहे. एका गोल्डच्या आतली एकाच जातीची वस्तू दिवसाला दहा-बारा नग बनते असं टेबलावर ठरवून टाका. बाणांना ही सूट लागत नाही. ते वीसच्या जुडीने १ गोल्डला मिळतात, आणि दिवसाला एक जुडी हा वेग पटण्यासारखा आहे.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. हत्यारं हवीत असं पुस्तक सांगतं, पण काम कुठे बसून करायचं याबद्दल काही म्हणत नाही. लोहाराची हत्यारं आठ पौंडांची, पाठीवर सहज मावतात. आठ तास प्रवास, आठ तास झोप, उरलेले आठ तास काम असा हिशेब मांडून एखादा खेळाडू जंगलातल्या तंबूत ब्रेस्टप्लेट (छातीचं चिलखत) ठोकायला बसला, तर नियमात त्याला अडवणारं वाक्य सापडत नाही. ऐनवेळी वाद होण्यापेक्षा पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) सांगून ठेवा: धातूकाम आणि काचकाम वस्तीतल्या भट्टीवरच, चामडं, लाकूड, वनौषधी मुक्कामावर चालेल, आणि प्रवासाच्या दिवशी केलेलं काम अर्धाच दिवस धरलं जाईल.

औषधं आणि स्क्रोल (मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या) यांचे दर वेगळे आहेत, ते मुकाट्याने वापरावेत. हर्बलिझम किटवर (वनौषधींच्या साधनांवर) प्रोफिशियन्सी असलेला कोणीही एका दिवसात २५ गोल्डमध्ये पोशन ऑफ हीलिंग (जखमा भरणारं औषध) बनवतो. तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलचा (मंत्राचा) स्क्रोल, म्हणजे फायरबॉलसारखा, पाच दिवस आणि १५० गोल्ड घेतो. चौथ्या लेव्हलला मात्र आकडा एकदम १० दिवस आणि १,००० गोल्डवर उडी मारतो. खेळाडूंना ही उडी आधी दाखवून द्या.

मॅजिक आयटमचे (जादुई वस्तूंचे) नियम डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहेत. वस्तू किती दुर्मिळ यावर दर ठरतो. कॉमनला ५ दिवस आणि ५० गोल्ड, अनकॉमनला १० आणि २००, रेअरला ५० आणि २,०००, व्हेरी रेअरला १२५ आणि २०,०००, लेजेंडरीला २५० आणि १,००,०००. अर्काना, म्हणजे जादूविद्येचं स्किल हवंच. इथे हमखास एक चूक होते: या खर्चात मूळ वस्तू धरलेली नाही. +१ (जादूने एक पायरी वाढवलेलं) प्लेट आर्मर रेअर आहे, म्हणून २,००० गोल्ड, आणि वर प्लेटचे १,५०० वेगळे. एकूण ३,५००. प्लेटही स्वतःच घडवली तर १५० अधिक ५०, असे २०० दिवस. कच्चा माल शहरात मिळण्याची शक्यता ७५ टक्के, इतर वस्तीत २५, आणि नाही मिळाला तर किमान सात दिवस थांबायचं. झॅनाथर्स गाइडमध्ये दुर्मिळ घटकासाठी एखाद्या प्राण्याशी झुंजावं लागायचं. ते गेलं याची मला खंत आहे, कारण त्यातून आयती मोहीम जन्माला यायची.

डी अँड डीत काम फसण्याची शक्यताच नाही, हे काहींना खटकेल. फासे टाकून घडवायची हौस असेल तर पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती बघा. तिथे तयारीला दोन दिवस, फॉर्म्युला (वस्तूची कृती) असेल तर एकच, मग क्राफ्टिंग चेक, म्हणजे फासा टाकून कसोटी. नुसता फसला तर माल वाचतो, अगदीच फसला तर दहा टक्के वाया जातो. मात्र राहिलेली किंमत रोजच्या कामातून थोडी थोडी फेडायला तक्ता बघावा लागतो, आणि नवशिक्या टेबलावर तिथे खेळ रेंगाळतो.

फक्त क्राफ्टिंगसाठी महागडी पुस्तकं घेऊ नका. डी अँड डीचे हे मूळ नियम एसआरडी ५.२ या खुल्या नियमसंग्रहात फुकट मिळतात, आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन मराठीत उतरवायलाही मोकळीक आहे. किमती, दिवस आणि लागणारी हत्यारं एवढे तीन रकाने एका पानावर उतरवून डीएमच्या पडद्याला आतून चिकटवले, की सेशनमध्ये पुस्तक उघडावं लागत नाही.