कथक, भरतनाट्यम की डान्स स्टुडिओ? मुलांचा किंवा स्वतःचा क्लास ठरवण्याआधी

मे महिना संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: "मुलीला डान्स क्लास लावायचाय, कुठला चांगला?" भराभर नंबर येतात, पण प्रश्न तिथेच राहतो. कारण त्यातले काही नंबर कथकचे असतात, काही भरतनाट्यमचे, आणि उरलेले 'बॉलिवूड, हिप-हॉप, कंटेम्पररी, झुंबा' असा बोर्ड लावलेल्या स्टुडिओंचे. या तिन्ही ठिकाणी फॉर्म भरणं वरवर सारखंच दिसतं, पण तुम्ही कशाला हो म्हणताय ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मी पुण्यात राहते, इथले क्लास जवळून पाहिले आहेत, म्हणून उदाहरणं इथलीच देतेय. ठाणे, डोंबिवली, नाशिककडेही चित्र फार वेगळं नसावं.

आधी माझं मत सांगते. मूल सात-आठ वर्षांचं असेल आणि पुढची निदान दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्याला न्यायला-आणायला घरात कोणीतरी मोकळं असेल, तर शास्त्रीय नृत्याचा वर्ग लावा. तेवढी सोय नसेल किंवा मुलाला नुसतं मनसोक्त नाचायचं असेल, तर स्टुडिओ लावा. त्यात कमीपणा काहीच नाही. फसगत होते ती शास्त्रीय वर्गात जाऊन तीन महिन्यांत 'डान्स' बसवून मागणाऱ्यांची, आणि स्टुडिओत जाऊन पाया पक्का व्हावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांची.

फी नक्की कशाची?

स्टुडिओची फी बॅचची असते. महिना, दोन महिने किंवा तिमाही. एखादं गाणं बसवतात, शेवटी पालकांसमोर सादरीकरण होतं, आणि मग पुढच्या बॅचसाठी पुन्हा नोंदणी. मध्ये एक बॅच सोडली तरी फारसं बिघडत नाही. शास्त्रीय वर्गाचा हिशोब वर्षाचा असतो. जूनमध्ये किंवा दसऱ्याला सुरुवात, गुरुपौर्णिमेला छोटा कार्यक्रम, मग परीक्षा. इथे दोन महिन्यांची दांडी मारली तर मूल मागे पडतं, आणि मागे पडलेलं मूल वर्गात जायला टाळाटाळ करू लागतं. म्हणून ज्यांच्या नोकरीत बदलीची शक्यता आहे त्यांनी आधीच विचारावं की दुसऱ्या गावी याच परंपरेचं कोणी शिकवतं का. एका ताईंकडून दुसऱ्या ताईंकडे जाताना हाताची ठेवण, बोल (तालाची अक्षरं) म्हणण्याची पद्धत, सगळंच थोडं बदलतं आणि पहिले काही महिने जुनं सोडवण्यातच जातात.

कथक आणि भरतनाट्यम: पहिल्या वर्षात काय दिसेल

कथकच्या वर्गात पहिले कित्येक आठवडे ततकार, म्हणजे तालावर पाय टाकण्याचा मूळ सराव, चालतो. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' अशा आठ मात्रा, त्या दोनदा म्हटल्या की तीनतालाचं सोळा मात्रांचं एक आवर्तन. पाय उजवा, डावा, उजवा, डावा. मग डावा, उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला सलग डावाच पाय पडतो आणि सगळी मुलं नेमकी तिथे अडखळतात. ती अडचण सुटून पाय आपोआप पडू लागले, की हातांच्या हालचाली, मग तोडे (तालात बांधलेल्या छोट्या रचना), चक्कर म्हणजे गिरक्या, आणि तोंडाने बोल म्हणण्याची पढंत. शरीर ताठ उभं असतं, गुडघे सरळ.

भरतनाट्यममध्ये पहिल्या दिवसापासून अरमंडी असते. टाचा जवळ, पावलं बाहेरच्या बाजूला, गुडघे दोन्हीकडे उघडून वाकलेले आणि पाठ सरळ. त्याच बैठकीत ताई लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देतात आणि मुलं तट्ट अडव करतात. अडव म्हणजे हात-पायांच्या मूळ हालचालींचे ठरलेले तुकडे. अडवांचे एकेक गट पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि पहिली सलग रचना, बहुतेक ठिकाणी अलारिप्पू, त्यानंतर हाती येते. "सहा महिने झाले, अजून डान्स नाही शिकवला" ही पालकांची तक्रार मी इथेच सर्वात जास्त ऐकली आहे. तक्रार करणाऱ्यांना राग येईल, पण अडव न घोटता अलारिप्पू बसवून देणाऱ्या वर्गात मी माझं मूल घालणार नाही.

चंचल, पटकन कंटाळणाऱ्या मुलांना कथक जरा लवकर रुचतं, कारण चकरा आणि पायांचा वेग त्यांना लगेच खेळल्यासारखा वाटतो. ज्या मुलांना नेटकं, रेखीव काम आवडतं ती भरतनाट्यममध्ये रमतात. हा काही नियम नाही, पण पहिल्या चार वर्गांत मुलाच्या चेहऱ्यावरून कळतं.

भाषेची शंका बरेच जण काढतात: "भरतनाट्यममध्ये तमिळ-तेलुगू पदं, आपल्या मुलाला काय कळणार?" कथकच्या ठुमऱ्या-कवितांची हिंदी-ब्रज कानाला जवळची, हे खरंच. पण भरतनाट्यम मराठी माणसाला परकं समजू नका. मार्गमचा, म्हणजे अलारिप्पू ते तिल्लाना या क्रमाचा, आजचा साचा ज्या चार भावांनी घडवला ते तंजावरला सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारात होते, आणि तिथल्या मराठी नृत्यरचना आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत पुन्हा रंगमंचावर आणल्या. पुण्यात सुचेता भिडे-चापेकरांनी हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बांधलं, त्याला 'नृत्यगंगा' म्हणतात. त्या परंपरेतल्या वर्गात तुमच्या मुलाच्या कानावर ओळखीचे राग पडतील. वर्ग ठरवताना "संगीत कर्नाटक की हिंदुस्थानी?" हा प्रश्न जरूर विचारा.

पुण्यात कथकचे वर्ग इतके का, याचं उत्तर बऱ्याच अंशी रोहिणी भाटे यांच्या कामात आहे. त्यांनी १९४७ साली नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली. त्या स्वतः लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे शिकल्या, त्यामुळे लखनौ आणि जयपूर या दोन्ही घराण्यांची वळणं त्यांच्या नृत्यात आली. आज शहरात शिकवणाऱ्या अनेक जणी त्यांच्या शिष्या किंवा शिष्यांच्या शिष्या आहेत. त्यामुळे पुण्यात तरी कथकचा चांगला वर्ग घराजवळ मिळण्याची शक्यता अधिक. मुंबईकरांना भरतनाट्यमसाठी माटुंग्याचं श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर १९४५ पासून आहे, आणि ओडिसीचा विचार असेल तर झेलम परांजपे यांचं स्मितालय.

परीक्षांचं काय करायचं

दोन्ही शैलींचे बहुतेक वर्ग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. म्हणजे विशारदपर्यंत सात पायऱ्या, त्यापुढे अलंकार. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, हे आकर्षण मोठं आहे. त्यासाठी कोणत्या परीक्षा, किती आणि कधीपर्यंत पूर्ण हव्यात, हे शाळेकडून त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे विचारून घ्या.

पण गुणांसाठी नाच लावू नका, हे मनापासून सांगते. दरवर्षी परीक्षा म्हणजे परीक्षेपुरते तोडे, तेही धावतपळत. मूल मध्यमेपर्यंत पोहोचतं आणि त्याला एकट्याने पाच मिनिटं लयीत उभं राहता येत नाही, असं होतं. जिथे ताई "हिला यंदा बसवू नका, अजून वर्ष जाऊ दे" असं सांगू शकतात, तो वर्ग चांगला. पुढे कोणाला यातच शिक्षण घ्यायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी आहे.

स्टुडिओ कुठे सरस ठरतो

शास्त्रीयवाले स्टुडिओला नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. चारचौघांत बोलायला घाबरणारं मूल स्टुडिओत महिन्याभरात मोकळं होताना मी पाहिलंय. आवडत्या गाण्यावर, बरोबरीच्या मुलांत, चुकलं तरी कोणी थांबवत नाही. मुलग्यांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. शास्त्रीय वर्गात पंधरा मुलींमध्ये एकटा मुलगा असला की तो कितीही चांगला नाचत असो, पाचवी-सहावीत शाळेतल्या चिडवण्याने सोडून देतो. कथकचे थोर नर्तक बिरजू महाराजांचं नाव सांगून त्याची समजूत पटत नाही, त्याला वर्गात अजून दोन मुलगे हवे असतात. स्टुडिओत ते असतात.

उणीव कुठे आहे तीही पाहा. बऱ्याच ठिकाणी ठरलेला अभ्यासक्रम नसतो. प्रत्येक बॅचला नवं गाणं, पातळी तीच. "तीन बॅचनंतर माझ्या मुलीला काय नवीन येत असेल?" असं विचारा. समोरच्याने फक्त गाण्यांची नावं घेतली तर समजून जा. दुसरं म्हणजे शिकवणारे बदलतात. ज्याच्यासाठी मूल जातं तो दादा पुढच्या बॅचला नसतो. आणि तिसरं, रील. बॅच संपताना मुलांचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायची आता पद्धतच पडलीय, आणि प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याची परवानगी घेतलेली असते. नको असेल तर ती ओळ खोडून सही करा. हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

खर्चाची तुलना तासावर करा

समजा एका ठिकाणी महिना १५०० रुपये, आठवड्यातून दोनदा एकेक तास. महिन्याचे आठ तास धरले तर तासाला साधारण १९० रुपये. दुसरीकडे महिना १२००, पण आठवड्यातून एकदाच दीड तास. म्हणजे सहा तास, तासाला २००. स्वस्त वाटणारा वर्ग महाग निघाला. हे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले घालून पाहा. त्यात वेगळी प्रवेश फी, दिवाळी आणि मे महिन्यातल्या सुट्ट्यांची फी, परीक्षा फी आणि स्टुडिओ मोठा असेल तर फी जीएसटी धरून सांगितलीय की वरून लागणार, हे मिळवा.

पुढचा खर्चही वेगवेगळा आहे. कथकला साधा कुर्ता-चुडीदार, ओढणी आणि काही महिन्यांनी दोरीत ओवलेले घुंगरू; लहान मुलाला एका पायाला पन्नास पुरतात. ताईंनी सांगण्याआधी घेऊ नका, माप चुकतं. भरतनाट्यमला सरावाची साडी आणि पट्ट्यावर शिवलेले घुंगरू. स्टुडिओत बूट आणि दर सादरीकरणाचा पोशाख. खरा मोठा खर्च भरतनाट्यममध्ये शेवटी येतो: अरंगेत्रम, म्हणजे शिष्याचं रंगमंचावरचं पहिलं पूर्ण एकल सादरीकरण. नाट्यगृहाचं भाडं, गायक-वादकांची साथ, वेश, दागिने, मेकअप, पाहुण्यांचं खाणं, सगळं पालकांवर. कथकमध्ये त्याचा इतका आग्रह सहसा नसतो. वर्गात अरंगेत्रम करावंच लागतं का, हे पहिल्याच भेटीत विचारलं तर चांगली ताई रागावणार नाही.

फरशीकडे मात्र पैशांआधी पाहा. थेट सिमेंटवर बसवलेल्या संगमरवरी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर रोज पाय आपटणं टाचांना आणि नडगीला झेपत नाही. लाकडी जमीन असेल तर उत्तम, नसेल तर निदान जाड विनाइल हवं.

मोठ्यांनी काय निवडावं

तिशी-चाळिशीत सुरुवात करणाऱ्यांनी शैलीआधी बॅच पाहावी. दहा वर्षांच्या मुलींबरोबर उभं केलं तर त्यांचे पाय तुमच्यापेक्षा आधी वळतात आणि उत्साह विरतो. फक्त प्रौढांची, नवशिक्यांची बॅच आहे का, संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवारी सकाळी आहे का, हे विचारा. अशा बॅचला आता चांगली मागणी आहे.

गुडघे कुरकुरत असतील तर अरमंडी जपून, डॉक्टरांना विचारूनच. कथकमध्ये गुडघ्याला त्या मानाने आराम, पण टाचदुखी असलेल्यांना ततकार त्रास देतो, आणि चक्कर येण्याची तक्रार असेल तर चकरा हळूहळूच वाढवाव्या लागतात. मोठ्यांची एक जमेची बाजू आहे: तालाचा हिशोब आपल्याला मुलांपेक्षा लवकर कळतो. पढंत घरी, गाडीत, स्वयंपाक करताना घोटता येते आणि मग पायांना मार्ग सापडतो. हौस असेल तर प्रारंभिकच्या परीक्षेला मोठेही बसतात. केवळ व्यायाम आणि मोकळेपणा हवा असेल तर सरळ झुंब्याची बॅच घ्या, ततकारात वजन कमी करायला जाऊ नका.

परदेशातले बरेच मराठी लोक पुण्यातल्या ताईंकडे ऑनलाइन शिकतात. पढंत, अभिनय, हस्तमुद्रा त्यात नीट होतात. ताईंच्या तालावर एकत्र ततकार मात्र होत नाही, कारण आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. त्यामुळे पहिलं वर्ष तरी जवळपास कोणी प्रत्यक्ष शिकवणारं शोधा.

फॉर्म भरण्याआधी एक वर्ग पाहायला मागा, आणि तो खास 'डेमो' नको, रोजच्या बॅचचा हवा. शेवटची पंधरा मिनिटं मागच्या रांगेकडे लक्ष ठेवा. तिथल्या मुलाचा वाकडा हात कोणी येऊन सरळ केला का? सगळी सुधारणा पहिल्या रांगेतच होत असेल तर तुमचं मूल वर्षभर मागेच राहील. आणि जूनची बॅच चुकली असेल तर ऑगस्टमध्ये मध्येच घुसवण्यापेक्षा दसऱ्याला नवी बॅच कुठे सुरू होते ते विचारून ठेवा.